स्वालबार्ड : दुरूनच पाहावा असा मुलूख

रत्नागिरीच्या भाट्ये किनाऱ्यावर हिवाळ्यात सँडरलिंग नावाचे चिमुकले पक्षी येतात. राखाडी-पांढरे, मुठीत मावतील एवढे. लाट ओसरली की ते तिच्यामागे धावतात, ओल्या वाळूतले किडे टिपतात आणि लाट परतली की तिच्यापुढे पळत सुटतात. उन्हाळा वाढला की हे पाहुणे निघून जातात. त्यांची घरटी असतात थेट उत्तर ध्रुवाभोवतीच्या प्रदेशात, ज्याला आर्क्टिक म्हणतात. आखातातली नोकरी संपवून गावी परतल्यावर आम्हा नवरा-बायकोला पक्ष्यांचे फोटो काढण्याचा छंद लागला. हे पक्षी ज्या बाजूला जातात तो मुलूख एकदा पाहावा, ही इच्छा तेव्हापासूनची. २०२५ च्या जुलैमध्ये, अल्लाहच्या मेहेरबानीने, ती पुरी झाली. कॅमेऱ्याची अवजड बॅग उचलायला सोबत आमचा कॉलेजात शिकणारा भाचा होता.

आम्ही निवडलेले ठिकाण म्हणजे स्वालबार्ड. नॉर्वेच्या उत्तर टोकापासूनही पुष्कळ वर, ७४ ते ८१ अंश उत्तर अक्षांशांमध्ये पसरलेला हा बेटांचा समूह. क्षेत्रफळ सुमारे ६१ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याएवढे, आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग हिमनद्यांखाली. राहणारी माणसे मात्र आपल्या एखाद्या मध्यम खेड्यातल्याएवढी. हा मुलूख नॉर्वेच्या ताब्यात आहे तो १९२० मध्ये पॅरिसला झालेल्या करारामुळे. त्या करारावर ब्रिटिश अमलाखालील हिंदुस्थानचीही सही आहे. या कराराने इथे राहायला व्हिसा लागत नाही. पण वाट नॉर्वेतूनच जाते, म्हणून शेंगेन व्हिसा लागतो आणि तोही दोनदा प्रवेश देणारा. स्वालबार्ड शेंगेनच्या हद्दीबाहेर असल्याने परतताना आपण पुन्हा नव्याने आत येतो. आमच्या बरोबरीच्या एका कुटुंबाला हे आयत्या वेळी कळले आणि त्यांची फार धावपळ झाली.

निघण्यापूर्वी नातेवाइकांचा पहिला प्रश्न थंडीचा नव्हता, नमाजेचा होता. तिथे एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळतच नाही. मग मगरिब कधी आणि इशा कधी? आम्ही मोहल्ल्यातल्या मौलानांना विचारले. दज्जालच्या काळात एक दिवस वर्षाएवढा होईल, तेव्हा वेळेचा अंदाज बांधून नमाज अदा करावी, अशा अर्थाची हदीस आहे. तिच्या आधाराने उलेमांनी दोन वाटा सांगितल्या आहेत. जवळच्या ज्या शहरात दिवस-रात्र ओळखता येते तिथल्या वेळा धराव्यात, किंवा मक्का शरीफचे वेळापत्रक पाळावे. आम्ही दुसरी वाट धरली. सफरात असल्याने कसरची सवलत होतीच. किब्ल्याची दिशा मात्र आपल्या सवयीची नव्हती. आपण पश्चिमेकडे तोंड करतो. तिथे दक्षिणेकडे, जरा पूर्वेला कलून उभे राहावे लागते. जहाज वळले की होकायंत्र पुन्हा काढायचे. जेवणात मांसाला हात लावायचा नाही असे आधीच ठरवले होते. कोकणी माणसाला रोज मासळी मिळाली तर तक्रार कसली!

मुंबईहून आखातमार्गे ऑस्लो, तिथून ट्रोम्सो आणि मग लाँगइयरब्येन. ७८ अंश उत्तरेचे हे गाव सुमारे अडीच हजार वस्तीचे. ते कोळशामुळे वसले. जॉन मन्रो लाँगइयर या अमेरिकन उद्योजकाच्या कंपनीने १९०६ मध्ये इथे खाण सुरू केली आणि गावाला त्याचेच नाव पडले. खाणकामगार कोळशाने माखलेले बूट दाराबाहेर काढत. ती रीत खाणी संपल्या तरी टिकली आहे. हॉटेलात, संग्रहालयात बूट काढून मोज्यांवर वावरायचे. आम्हाला तर ते अगदी घरच्यासारखे वाटले. गावातली अखेरची नॉर्वेजियन खाण २०२५ च्या जूनअखेर बंद झाली, म्हणजे आम्ही पोहोचण्याच्या अगदी थोडे आधी.

या गावात मांजर पाळायला बंदी आहे, पक्ष्यांच्या जिवासाठी. बाळंतपणाची सोय नाही, म्हणून गरोदर बाईला दिवस भरण्यापूर्वीच नॉर्वेच्या मुख्य भूमीवर पाठवतात. वस्तीच्या बाहेर पडायचे तर अस्वलाला हुसकावण्याचे साधन जवळ हवे; बहुतेक लोक बंदूकही बाळगतात. गावाच्या वेशीवर काळ्या त्रिकोणात पांढऱ्या अस्वलाची पाटी आहे आणि तिच्याखाली नॉर्वेजियन भाषेत लिहिले आहे, की हा इशारा संपूर्ण स्वालबार्डला लागू आहे. येणारा प्रत्येक पाहुणा या पाटीचा फोटो काढतो, आम्हीही काढला.

गावाजवळच्या डोंगराच्या पोटात जगभरातल्या पिकांच्या बियाण्यांची तिजोरी आहे. २००८ मध्ये ती सुरू झाली. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने आपल्याकडच्या ज्वारी-बाजरी, तूर-हरभऱ्याचे वाण इथे ठेवले आहेत. सीरियातील युद्धामुळे हलब शहराजवळच्या बियाणे केंद्राचे काम ठप्प झाले, तेव्हा २०१५ मध्ये या तिजोरीतून पहिल्यांदा बियाणे बाहेर काढण्यात आले. ते लेबनॉन आणि मोरोक्कोत पेरून वाढवले आणि पुढे त्यातले काही परत आणून ठेवले. आत कोणाला सोडत नाहीत. डोंगरातून बाहेर आलेला काँक्रीटचा उंच दरवाजा तेवढा पाहायचा. पण हलबच्या गव्हाचे दाणे या बर्फात सांभाळून ठेवले होते, हे आठवले की त्या दरवाज्याचा फोटो नुसता फोटो राहत नाही.

फोटो काढणाऱ्यांना इथला उजेड वेड लावतो. आपल्याकडे सकाळ-संध्याकाळचा सोनेरी प्रकाश तासाभरात संपतो. इथे जुलैच्या मध्यरात्री सूर्य उत्तरेला खाली उतरून क्षितिजाच्या वरूनच सरकत जातो आणि तसा तिरपा, मऊ उजेड कित्येक तास टिकतो. म्हणून सराईत लोक दुपारी झोपतात आणि रात्री जागतात. आम्हीही दोन दिवसांत तसेच झालो. घरी मुलीला फोन लावला की ती म्हणे, "अम्मी, तुम्ही झोपता तरी कधी?"

कॅमेऱ्याबाबत दोन-तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. चहूकडे बर्फ असले की कॅमेरा फसतो. फार उजेड आहे असे समजून तो चित्र काळवंडून टाकतो आणि बर्फ मळक्या चादरीसारखे दिसते. म्हणून उजेडाचे माप हाताने थोडे वाढवून घ्यावे. बाहेरच्या गारठ्यातून उबदार खोलीत आलो की काचेवर दव धरते. आत येण्याआधीच कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करावा आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावा. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवाव्यात. न्यू-ऑलेसुंद या संशोधकांच्या वस्तीजवळ आल्यावर तर फोन आणि कॅमेऱ्याचे वायफाय, ब्लूटूथ सगळे बंद करावे लागते, कारण तिथली उपकरणे फार नाजूक लहरी टिपतात. भारताचे 'हिमाद्री' संशोधन केंद्रही याच वस्तीत आहे, २००८ पासून.

गावातच आम्हाला पहिला धडा मिळाला, तो आर्क्टिक सुरय पक्ष्याकडून. वजन जेमतेम शंभर ग्रॅम. उन्हाळा इथे काढून तो दक्षिण ध्रुवाकडे जातो आणि पुढच्या वर्षी परत येतो. त्याची अंडी उघड्या जमिनीवर, रस्त्याच्या कडेलाच. कोणी जवळ गेले की तो सरळ डोक्यावर चोच मारतो. लोक हातात काठी उंच धरून चालतात, कारण तो सगळ्यात उंच टोकावर झडप घालतो. भाचा फोटोसाठी दोन पावले पुढे गेला आणि टोपीवर टोले खाऊन परतला. एवढासा पक्षी आपली हद्द स्वतः राखतो. पण ज्यांना अशी चोच नाही, त्यांची हद्द कोणी राखायची? पुढचे आठ दिवस आमच्यासमोर हाच प्रश्न होता.

शंभरएक प्रवाशांचे जहाज आम्हाला घेऊन पश्चिम किनाऱ्याने उत्तरेकडे निघाले. पहिल्याच संध्याकाळी वाटाड्यांनी सगळ्यांना जमवून नियम सांगितले. १ जानेवारी २०२५ पासून इथले कायदे कडक झाले आहेत. ध्रुवीय अस्वलापासून किमान ३०० मीटर दूर राहायचे. १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर. वॉलरसांच्या विश्रांतीच्या जागेपासून मोटरबोट १५० मीटर दूर. संरक्षित भागात २०० हून अधिक प्रवाशांचे जहाज न्यायचे नाही आणि किनाऱ्यावर ठरवून दिलेल्या जागांवरच उतरायचे. हे ऐकून सभागृहात कुजबुज झाली. काही जण दहा-दहा वर्षे पैसे साठवून आले होते. "एवढे लाखो रुपये खर्चून अस्वल ठिपक्याएवढे बघायचे?" असा सूर आमच्याच शेजारच्या टेबलावर होता, आणि खरे सांगायचे तर आम्हालाही तो अगदी परका वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी वायव्य टोकाला ॲमस्टरडॅम नावाच्या बेटाशी पोहोचलो. सतराव्या शतकात डच लोकांनी इथे स्मेरेनबर्ग ही वस्ती उभारली होती. त्या नावाचा अर्थच चरबीचे गाव. देवमासे मारून आणायचे, त्यांची चरबी मोठ्या कढयांत उकळवायची आणि तेल युरोपला पाठवायचे. आजही किनाऱ्यावर त्या भट्ट्यांची जळकी वर्तुळे दिसतात. देवमासे इतके मारले गेले की धंदाच बसला. मग पाळी आली वॉलरसांची, पुढे अस्वलांची. वॉलरस नामशेष होण्याच्या बेतात असताना १९५२ मध्ये त्याला संरक्षण मिळाले, अस्वलाला १९७३ मध्ये. भाला घेऊन आलेला माणूसही जवळच जाऊ पाहत होता. कॅमेरेवाल्याचा हेतू वेगळा असतो हे खरे. पण पळणाऱ्या जनावराला हेतू कसा कळावा?

त्या रात्री, म्हणजे घड्याळातल्या रात्री, मोनाको हिमनदीसमोर बोटी सोडल्या. डोंगरांमध्ये शिरलेली खाडी आणि तिच्या तोंडाशी किलोमीटरच्या किलोमीटर पसरलेली बर्फाची भिंत. वर्षानुवर्षे दाबून घट्ट झालेले बर्फ उजेडातला तांबडा रंग पिऊन टाकते आणि निळा तेवढा परत पाठवते, म्हणून जुने बर्फ नीळ घातल्यासारखे दिसते. पाण्यावर तरंगणारे तुकडे तडतड आवाज करत होते. शेकडो वर्षे कोंडलेली हवा बुडबुड्यांतून सुटत होती. मध्येच भिंतीचा एक कडा कोसळला. आवाज तोफेसारखा, आणि तो पोहोचेपर्यंत बर्फ पाण्यात पडलेलेही होते. आमच्या तोंडून आपसूक सुबहानअल्लाह निघाले. बोटी भिंतीपासून बऱ्याच दूर उभ्या होत्या, म्हणूनच उठलेल्या लाटेने आम्हाला नुसते झुलवले.

पूर्वेकडे हिनलोपेनच्या सामुद्रधुनीत अल्केफ्येलेट नावाचा काळ्या दगडाचा कडा आहे. शंभरेक मीटर उंच, सरळसोट खांबांचा. त्याच्या अरुंद फळ्यांवर गिलेमॉट पक्ष्यांच्या सुमारे ६० हजार जोड्या दाटीवाटीने बसतात. घरटे नाहीच, उघड्या दगडावर एकच अंडे, एका टोकाला निमुळते. पिल्लू तीन आठवड्यांचे झाले की नीट उडता येत नसतानाही समुद्रात झेप घेते आणि बाप त्याला घेऊन पोहत निघतो. कड्याखाली गलका एवढा, की एकमेकांशी ओरडून बोलावे लागत होते. इथे बोटी अगदी धीम्या चालवतात. पक्षी दचकून एकदम उडाले तर अंडी घरंगळून पडतात आणि मोठे कुरव टपलेलेच असतात. एका चांगल्या फोटोची किंमत दुसऱ्या कोणाच्या पिल्लाने का चुकवावी?

वॉलरस एका रेताड टोकावर एकमेकांच्या अंगावर रेलून पडले होते, लग्नघरातल्या दुपारच्या पाहुण्यांसारखे. इंजिन बंद करून आम्ही दूर थांबलो. अर्ध्या तासाने दोन तरुण वॉलरस आपणहून पाण्यात उतरले आणि आमच्या बाजूला येऊन डोके वर काढून बघत राहिले. वाटाड्या हळूच म्हणाला, "आपण गेलो तर ते पळतात. आपण थांबलो तर त्यांचे ते ठरवतात."

अस्वल दिसले पाचव्या दिवशी. पहाटे तीनच्या सुमारास ध्वनिक्षेपकावर दबक्या आवाजात सूचना आली. सगळे गरम कपडे चढवून डेकवर. किनाऱ्याला चिकटलेल्या बर्फाच्या पट्ट्यावर एक मादी आणि तिच्यामागे वर्षभराचे एक पिल्लू. त्या शुभ्र बर्फावर त्यांचा रंग पांढरा नव्हे, सायीसारखा पिवळसर दिसत होता. जहाज ४०० मीटरवर थांबवले. आमच्या सगळ्यात लांब भिंगातूनही ती मादी चित्राच्या रुंदीचा जेमतेम दहावा भाग व्यापत होती. भाचा पुटपुटला, "मामू, अजून थोडे पुढे घेतले असते तर..."

तेवढ्यात मादी थांबली. मान उंचावून तिने वारा हुंगला आणि पिल्लू तिच्या पायांशी आले. वाटाड्याने लगेच कप्तानाला खूण केली आणि जहाज सावकाश मागे सरकू लागले. डेकवर एक-दोघांनी नाराजीचे उसासे टाकले. वाटाड्याने शांतपणे समजावले. उन्हाळ्यात बर्फ विरघळले की सीलची शिकार मिळेनाशी होते. मग हिवाळ्यात साठवलेल्या चरबीवर, पक्ष्यांच्या अंड्यांवर, एखाद्या रेनडियरवर दिवस काढायचे. अशा वेळी घाबरून केलेली प्रत्येक धाव तिला महाग पडते. पिल्लू असेल तर अधिकच. आणि माणूस व अस्वल फार जवळ आले तर मरते बहुधा अस्वल. २०१८ च्या जुलैमध्ये याच उत्तर भागात अस्वलाने एका प्रवासी जहाजाच्या रक्षकावर हल्ला केला, तेव्हा ते गोळी घालून मारावे लागले. ते आपल्याच घरी होते. पाहुणे आपण होतो.

आम्ही मागे सरलो आणि थोड्या वेळाने मादी निवांत आडवी झाली. पिल्लू तिला बिलगले. पुढचा पाऊण तास कोणी बोलले नाही. कोणाच्या दारात उभे राहायचे तर आत डोकावायचे नाही, परवानगीशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, हा अदब आपल्याला लहानपणी घरातच शिकवतात. तो मुक्या जनावरांनाही लागू आहे, हे त्या पाऊण तासात जसे उमगले तसे पूर्वी कधी उमगले नव्हते. अंतर सक्तीचे झाले म्हणून चित्रात आपोआप डोंगर आले, बर्फाचा फुटलेला पट्टा आला, त्यामागचे उघडे, काळेशार पाणी आले. अस्वल जगते ते याच सगळ्यावर. नुसता चेहरा भरून काढला असता तर ते प्राणिसंग्रहालयातलेही असू शकले असते.

त्या उघड्या पाण्याबद्दल बोलणे भाग आहे. १९७९ पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापतो आहे, आणि स्वालबार्ड त्यातही पुढे. पांढरे बर्फ ऊन परतवते, काळे पाणी ते शोषते; म्हणजे बर्फ जितके कमी तितके पाणी गरम, आणि पाणी जितके गरम तितके बर्फ कमी. आम्ही हजारो किलोमीटर विमानाने उडून, डिझेलच्या जहाजात बसून हे पाहायला गेलो, म्हणजे या तापण्यात आमचाही वाटा आहे. यावर आमच्याकडे सोपे उत्तर नाही. एवढेच ठरवले आहे की अशी सफर आयुष्यात एकदाच, आणि जे पाहिले ते मोहल्ल्यातल्या मुलांना शाळेत जाऊन दाखवायचे.

ज्यांना जायचे आहे त्यांनी लहान जहाज निवडावे आणि जवळून अस्वल दाखवण्याची हमी देणाऱ्याकडे पाठ फिरवावी. पक्षी आणि हिमनद्यांसाठी जून-जुलै बरा. रेनडियर तर लाँगइयरब्येनच्या रस्त्यावरच चरताना दिसतात, आखूड पायांचे आणि गुबगुबीत. पायांखाली बघून चालावे. तिथले विलोचे झाड दोन-तीन बोटेच उंच असते आणि आपण झाडावर उभे आहोत हे कळतही नाही. भारी कॅमेरा नसला तरी अडत नाही. डोंगर आणि बर्फाची आमची निम्मी चित्रे फोनवरची आहेत.

घरी आल्यावर आम्ही एकच फोटो मोठा करून बैठकीत लावला. भिंतभर डोंगर, बर्फ आणि पाणी. येणारे पाहुणे चहा पिता पिता विचारतात, "अस्वलाचा फोटो म्हणालात, पण अस्वल कुठे आहे?" मग आमच्यापैकी कोणीतरी उठते आणि काचेवर बोट ठेवून ती मायलेकरे दाखवते.